हस्ते पोच

मुंजाबा हाके वर्गात सहसा तोंड उघडायचा नाही. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला अकरा जण होते, त्यांत तो सगळ्यांत थोराड. आयटीआयमधून टर्नर होऊन, चार वर्षं वाळूजच्या कारखान्यांचे उंबरे झिजवून, मग कंटाळून तो समाजशास्त्राकडं आलेला. घर पडेगावच्या पुढं. बाप मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने बाहेरच असायचा.

१९९८ सालच्या जुलैतली गोष्ट. प्राध्यापक द्वारका सोळुंके वर्गात श्रमबाजारातली विषमता शिकवत होती. कौशल्य असलं की बाजारात मोल मिळतं, असं म्हणणाऱ्यांचं कुठं चुकतं, ते तिनं फळ्यावर मुद्दे पाडून लिहिलं. बारा वर्षं ती हेच मुद्दे लिहीत आली होती. खडूचा हात झटकून ती वळली, तर मुंजाबा उभा.

“मॅडम, मुद्दे कळले. पण मी एकतीस अर्ज केले. एकतीस. एकाचंबी उत्तर नाय. माझा अर्ज कंपनीच्या आत गेल्यावर कुठं जातो, ते कोणत्या पुस्तकात हाय?”

पोरं हसली. मुंजाबा हसला नाही आणि द्वारकाही हसली नाही. तिला राग आला, आणि तो मुंजाबाचा नव्हता. बारा वर्षं आपण हा विषय शिकवतो आणि समोरच्या माणसाच्या एका साध्या प्रश्नाला आपल्याकडं उत्तर नाही, याची चीड होती ती.

“पुस्तकात नाही,” ती म्हणाली. “आपण शोधून काढू.”

तिनं शोध घेतला तो असा. वाळूज, चिकलठाणा, पैठण रोड, सगळीकडचे मिळून बावन्न कारखाने निवडले. प्रत्येक कारखान्याला टर्नरच्या जागेसाठी दोन अर्ज. दोघांचे मार्क सारखे, अनुभव सारखा, पत्तेही सिडकोतल्याच खोल्यांचे. फरक फक्त नावाचा. एक अर्ज कायम दिलीप जगतापचा. दुसरा आलटूनपालटून कधी दिलीप हाके, कधी दिलीप कांबळे, कधी सलीम शेख. दाखले मुलाखतीला आणतो, असं खाली लिहायचं. यातला एकही माणूस खरा नव्हता. वर्गातल्या मुलांनी आपापल्या अक्षरात अर्ज लिहिले, आठ-आठ दिवसांच्या अंतरानं पेटीत टाकले आणि सगळे जण पोस्टमनची वाट बघत बसले.

दिवाळीपर्यंत उत्तरं आली. दिलीप जगतापला तेवीस ठिकाणांहून बोलावणं आलं. बाकीच्या तिघांना मिळून सात.

मुंजाबानं तक्ता केला आणि तो स्टाफरूममध्ये घेऊन आला. टेबलावर ठेवला, पण हात त्यावरून काढला नाही.

“मॅडम, ही अठरा नंबरची कंपनी. जगतापला आठव्या दिवशी पत्र. लई गोड भाषेत. हाकेला काहीच नाय. खालची सही बघा.”

सही बन्सी सोळुंकेची होती. पर्सोनेल मॅनेजर. द्वारकाचा थोरला भाऊ.

खरं तर ती कंपनी यादीतून वगळायला हवी होती. पण तिला वाटलं होतं, निदान एक तरी जागा अशी निघेल, जिथं दोन्ही अर्जांना सारखंच उत्तर येईल. दादाबद्दल तिची एवढी खात्री होती.

*

दुसऱ्याच दिवशी दुपारी ती वाळूजला गेली. स्कूटरचे सुटे भाग बनवणारा कारखाना. पुढच्या गेटवर गणवेशातला पहारेकरी, कुंड्या, चकचकीत पाटी. बन्सीनं बहिणीला बघून खुर्ची पुढं ओढली, चहा सांगितला. तिनं चहाला हात लावला नाही. पर्समधून तक्ता काढून त्याच्यापुढं ठेवला आणि काय केलं ते सांगितलं.

बन्सी आधी चमकला, मग हसायला लागला.

“म्हणजे तो जगताप खोटा? आयला, आम्ही त्याच्यासाठी दोन दिवस थांबलो की!”

“दादा, हाकेला का नाही बोलावलं?”

“हाके? अगं, हाके लई हायेत आमच्याकडं. पंधरा-वीस असतील. कांबळे बी हायेत, शेख बी हायेत. ये, दाखवतो.”

त्यानं तिला मागच्या खिडकीशी नेलं. खाली कारखान्याचं दुसरं गेट होतं. पाटी नाही, कुंड्या नाहीत. पाळी बदलायची वेळ होती. घरच्याच कपड्यांतली माणसं एका ओळीत उभी होती आणि ठेकेदाराचा मुकादम एकेकाला मोजून आत सोडत होता.

“हे काय करतात आत?”

“काम करतात. दुसरं काय?”

“मशीनवर?”

“मशीनवरच. शिकलेली पोरं हायेत, चांगला हात हाय त्यांचा.”

“पुढच्या गेटनं येणारे जे काम करतात, तेच?”

बन्सीनं खांदे उडवले. “काम तेच. पण ते कंपनीचे, हे ठेकेदाराचे. पगार तिसरा हिस्सा, बाकी काही मागायचं नाय. आम्ही कुणाला नाय म्हणत नाही, द्वारका. ज्यानं त्यानं आपापल्या दारानं यायचं.”

दोन स्तरांचा श्रमबाजार तिनं किती वेळा शिकवला असेल, त्याची गणती नव्हती. पण तो असा खिडकीतून बोट करून कुणी दाखवला नव्हता. दाखवणारा तिचा सख्खा भाऊ होता, आणि त्याला त्यात झाकण्यासारखं काही वाटतही नव्हतं.

“मी हे छापणार आहे,” ती म्हणाली. “कंपनीच्या नावासकट.”

बन्सीचं हसू मावळलं. त्यानं दार लोटून घेतलं.

“छाप. आन् त्याच्याखाली स्वतःचं नाव बी छाप.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय? तुला नोकरी कशी लागली? तुझ्या वर्गात पहिली कोण आली होती?”

“मंजुळा शिंगाडे,” ती चटकन म्हणाली.

“मग मंजुळा शिंगाडे का नाय शिकवत तुझ्या कॉलेजात?”

“ती मुलाखतीला आलीच नाही. लग्न होऊन...”

“आली नाय,” बन्सी म्हणाला. “का आली नाय, ते कधी विचारलंस? बापानं तुझ्यासाठी तुमच्या संस्थेच्या नानासाहेबाचे पाय धरले होते. पोरगी लग्नाला उभी राहत नाय, निदान नोकरीला तरी लागू दे म्हणून. मी होतो बरोबर. एक पाकीट बाजूला काढलं, बस. मी इथं रोज दहा काढतो. तुझ्यासाठी एकच काढावं लागलं.”

तो खरं बोलत होता, हे तिला त्याच्या आवाजावरून कळलं. आणि दुसरंही एक कळलं, जास्त वाईट. मुलाखतीच्या दिवशी मंजुळा आली नाही, तेव्हा आपल्याला हायसं वाटलं होतं. ‘लग्न झालं असेल’ हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते तिनंच ठरवून टाकलं होतं आणि बारा वर्षं तेच धरून बसली होती.

*

कॉलेजचे हेडक्लार्क पुंजाराम निवृत्तीला आले होते. द्वारकानं १९८६ सालची जावक नोंदवही मागितली, तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

“कशाला उकरता मॅडम?”

“वही काढा.”

कपाटाच्या तळातून वही निघाली. जून महिना. समाजशास्त्राच्या जागेसाठी मुलाखतीची सहा पत्रं, एकाखाली एक सहा नावं, पुढं गावं. पाच नावांपुढं ‘टपालाने’ असं लिहिलेलं. मंजुळा शिंगाडे, मुक्काम फर्दापूर, हिच्यापुढं वेगळे शब्द होते : ‘हस्ते पोच. ना. सा.’

“ना. सा. म्हणजे नानासाहेब?”

पुंजाराम खाली मान घालून म्हणाले, “तवा ते खजिनदार होते. तुमचे वडील आप्पासाहेब इथंच बाकावर बसलेले. नानासाहेबांनी पाकीट मागून घेतलं. ‘माझी गाडी फर्दापूरकडं जायची हाय, हातोहात देतो’ म्हणाले. मी तसंच लिहिलं. खोटं काय लिहिलं नाय मी.”

“तुम्हाला कळलं नव्हतं?”

“कळलं होतं. पण माझ्या भाच्याला तवाच शिपाई म्हणून चिकटवायचं होतं, मॅडम. मी काय बोलणार?” मग ते म्हणाले, “ती पोरगी नंतर आली होती चौकशीला. तिला सांगितलं, पत्र धाडलं होतं, तुम्हीच आला नाहीत.”

“कुणी सांगितलं?”

“मीच.”

द्वारकानं त्या पानाची झेरॉक्स काढून घेतली. शुक्रवारच्या तासाला तिनं तक्ता फळ्यावर लावला, निष्कर्ष सांगितले, भावाच्या कारखान्याची दोन गेटं सांगितली आणि शेवटी ती झेरॉक्स काढून स्वतःचंही सांगितलं. मुंजाबानं पेन उचललं.

“मॅडम, तुमचं नाव कोणत्या रकान्यात टाकू?”

त्याच्या आवाजात आदर नव्हता, आणि तो नसावा हेच तिला बरोबर वाटलं.

“जगतापच्या,” ती म्हणाली.

*

फर्दापूरला जाणारी एसटी अजिंठ्याचा घाट उतरून फाट्यावर थांबली, तेव्हा अकरा वाजले होते. मंजुळाचं दुकान शोधावं लागलं नाही. लेण्यांकडं जाणाऱ्या रस्त्यावर गारगोट्या, रंगीत खडे, चित्रं, माहितीपुस्तकं मांडलेली, आणि मागं एक उंच बाई एका परदेशी म्हाताऱ्याला फाडफाड इंग्रजीत सांगत होती की हा दगड डोंगरातला आहे, तो शेजारचा काचेचा आहे, काचेचा घ्यायचा असेल तर शेजारी जा. म्हातारा हसला आणि दगड घेऊन गेला. मग तिनं द्वारकाकडं बघितलं.

“द्वारका सोळुंके,” ती म्हणाली. “जाड झालीस.”

तिनं स्टूल पुढं सरकवलं. द्वारका बसली नाही. उभ्यानंच तिनं सगळं सांगितलं आणि झेरॉक्स पुढं केली. मंजुळानं ती दोन्ही हातांनी धरून वाचली. पुन्हा वाचली.

“हस्ते पोच,” ती म्हणाली. “म्हणजे हे टपालात पडलंच नाय?”

“नाही.”

“फर्दापूरच्या पोस्टात आलंच नाय?”

“नाही, मंजुळा. मला माफ...”

“थांब!” मंजुळा इतक्या जोरात ओरडली की शेजारचा दुकानदार उठून उभा राहिला. “तू गप. तुझी माफी नंतर. मी सांडूला चोर म्हणाले!”

द्वारकाला काही कळेना. मंजुळानं झेरॉक्स मुठीत आवळली.

“सांडू म्हणजे आमचा पोस्टमन. सायकलवर यायचा. मी पहिली आले तवा पेढे त्यानं वाटले होते. स्वतःच्या पैशानं. कॉलेजातून मी परत आले, पत्र धाडलं होतं असं ऐकून. मग पत्र गेलं कुठं? त्यानंच दाबलं असणार. मेंढक्याची पोर प्रोफेसर होती, ते सलत असंल कुणाला, त्यानं पैसे चारले असतील सांडूला, असं मी म्हणाले. भर बाजारात म्हणाले. त्याची कॉलर धरली मी, द्वारके. तो पोरांच्या शपथा घेत होता आन् मी त्याच्या तोंडावर थुंकले.”

“मग?”

“चौकशी झाली, काही निघालं नाय. पण गावानं ऐकलं होतं ना. लोक त्याच्या हातात मनीऑर्डर द्यायचे बंद झाले. पत्रं मोजून घ्यायला लागले. वर्षभर सोसलं त्यानं, मग काम सोडलं. सडकेवर खडी फोडायला जायचा. चार वर्षांमागं गेला. मेला तवा बी मी मातीला गेले नाय. चोर म्हणून!”

तिनं एका झटक्यात समोरची गारगोट्यांची परडी उलटून टाकली. दगड रस्त्यावर घरंगळत गेले. तिनं तिकडं बघितलंसुद्धा नाही.

“बारा वर्षं मी चुकीच्या माणसावर राग धरला. राग बी तुम्ही धड करू दिला नाय मला!”

द्वारका म्हणाली, “मी राजीनामा देते.”

“आन् त्यानं काय व्हईल? त्या खुर्चीत नानासाहेबाची पुतणी बसंल. तुला मोकळं व्हायचंय म्हणून राजीनामा. मी नाय करत तुला मोकळी.” तिनं दुकानाची फळी खाली ओढली. “चल.”

“कुठं?”

“सारजाबाईकडं. सांडूच्या बायकोकडं. मला सांगितलंस तसं तिला सांग. मी बी सांगते मी काय केलं ते.”

*

सारजाबाई गावाच्या टोकाला पत्र्याच्या घरात राहायची. दारात बसून ती तुरी निवडत होती. मंजुळाला बघून तिनं तोंड फिरवलं. बारा वर्षांत दोघी एकमेकींशी बोललेल्या नव्हत्या.

मंजुळा तिच्यापुढं जमिनीवर बसली. द्वारकानं सांगायला सुरुवात केली. वर्गात पाऊण तास सलग बोलणारी बाई ती, पण इथं तिला तीनदा थांबावं लागलं. सारजाबाईचे हात आधी तुरी निवडत राहिले, मग थांबले.

“म्हंजी ह्यांच्या हातात कागुद आलाच नव्हता?”

“नाही.”

“कुणी घेतला?”

“माझ्या वडिलांनी आणि आमच्या संस्थेच्या नानासाहेबांनी. माझ्यासाठी.”

“आन् तू?” म्हातारीनं मंजुळाकडं बघितलं.

मंजुळा खाली वाकली. तिनं म्हातारीच्या पायांना हात लावायच्या आधीच सारजाबाईनं पाय मागं ओढून घेतले.

“पाय नको धरू. मरताना बी त्यो एकच बोलत व्हता, सारजे, म्या दिला असता गं कागुद. म्या दिला असता. मला बी वाटायचं, ह्यानं खरंच घेतला का काय. म्या बी इचारलं त्याला दोनदा. माझ्या नवऱ्याला म्या इचारलं, तू चोर हायेस का!” तिचा आवाज चिरकला. ती उठून उभी राहिली. “मला माफी नाय पायजे. घरात येऊन कानात सांगताव व्हय? त्याला चोर म्हणलं तवा आख्खा बाजार व्हता. आज बी बाजार हाय. चला.”

आणि तिनं त्या दोघींना पुढं घालून नेलं.

आठवड्याचा बाजार भरलेला होता. ग्रामपंचायतीच्या ओट्यापुढं सारजाबाई उभी राहिली आणि तिनं हाका मारून माणसं गोळा केली. भाजी घेणाऱ्या बाया, कापडवाला, फाट्यावरचे गाडीवाले, पारावरचे म्हातारे. पन्नास-साठ माणसं जमली असतील. “बोल,” ती द्वारकाला म्हणाली.

द्वारका ओट्यावर चढली. परिषदांमध्ये तिनं निबंध वाचले होते, टाळ्या घेतल्या होत्या. इथं तिनं साधंच सांगितलं.

“सांडू पोस्टमननं मंजुळा शिंगाडेचं पत्र दाबलं नव्हतं. ते पत्र टपालात पडलंच नव्हतं. माझ्या बापानं ते कॉलेजातच अडवलं, कारण मंजुळा माझ्यापेक्षा हुशार होती आणि नोकरी मला लावायची होती. तिच्या जागेवर बारा वर्षं मी बसले आहे. सांडू निर्दोष होता. हा कागद बघा.”

मंजुळा म्हणाली, “मी त्यांना चोर म्हणाले. याच जागी. माझं चुकलं.” तिचा आवाज खणखणीत होता, पण ती कुणाकडं बघत नव्हती.

एक म्हातारा पुढून म्हणाला, “बरं, झालं ते झालं. मेलेल्या माणसाला आता त्याचा काय उपेग?”

सारजाबाई त्याच्यावर उलटली. “उपेग? म्हाताऱ्या, तूच पयला! तुझ्या पोराची मनीऑर्डर तू ह्यांच्या हातून घेईना. म्हणालास, आधी नोटा मोजून दाव. पंधरा वरीस ज्यानं तुझं टपाल आणलं, त्याला म्हणालास! आता उपेग इचारतोस?”

म्हातारा मागं सरला. सारजाबाई एकेकाच्या तोंडाकडं बघत उभी राहिली, अगदी सावकाश, जणू कुणी सुटायला नको. मग तिनं पदर सावरला.

“झालं. आता जावा तुम्ही,” ती दोघींना म्हणाली आणि एकटीच घराकडं चालू लागली. तिनं चहा विचारला नाही, मागं वळून बघितलं नाही.

फाट्यावर बस येईपर्यंत मंजुळा आणि द्वारका शेजारी उभ्या होत्या. बसमध्ये चढताना द्वारका म्हणाली, “माझ्या वर्गात एकदा येशील?”

“नाय,” मंजुळा म्हणाली.

*

अहवाल जानेवारीत झाला. बावन्न कारखान्यांचा तक्ता, दोन गेटांचं प्रकरण आणि शेवटच्या प्रकरणात जावक नोंदवहीचं पान, द्वारकाच्या नावासकट. संस्थेच्या चर्चासत्रात तिनं तो वाचला. नानासाहेब आता अध्यक्ष झालेले होते आणि पहिल्या रांगेत बसलेले. शेवटचं प्रकरण निम्म्यावर आलं तेव्हा ते उठले.

“बाई, आप्पासाहेबांची लेक म्हणून तुम्हाला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं. त्याचं हे फळ?”

“त्याचंच हे फळ,” द्वारका म्हणाली आणि पुढचं पान उलटलं. ते गेले. त्यांच्यामागं अर्धं सभागृह रिकामं झालं. उरलेल्यांना तिनं अहवाल शेवटपर्यंत वाचून दाखवला.

संस्थेला तिला काढता येत नव्हतं, ती नोकरीत कायम होती. हा कायमपणा कुठून आला ते माहीत असल्यामुळं तिला त्याचाही संताप यायचा. संस्थेनं मेमो दिला, संस्थेची बदनामी केली म्हणून. आणि पुढच्या वर्षीपासून एम.ए.चा श्रमबाजाराचा विषयच बंद करायचं ठरवलं, विद्यार्थी कमी आहेत असं कारण दाखवून. जूनपासून तिनं पहिल्या वर्षाच्या मुलांना समाज म्हणजे काय ते शिकवायचं होतं. बन्सीनं फोन करून आईला सांगितलं, तिला म्हणावं, आपल्याला भाऊच नाही असं समज. द्वारकानं आईला निरोप दिला, समजले. मुंजाबाला वाळूजमध्ये कुणी दारात उभं करेना. अहवालात त्याचं नाव होतं. ठेक्यावरच्या कामगारांची एक संघटना उभी राहत होती, तिथं तो कागदपत्रं बघायला लागला. “आता पाकिटं मी फोडतो,” तो म्हणाला. हसला, पण त्याच्या डोळ्यांत हसू नव्हतं.

मंजुळाला द्वारकानं तीन पत्रं लिहिली. तिन्हींचं उत्तर नाही. मार्चमध्ये, त्या विषयाचा शेवटचा आठवडा उरलेला असताना, तिनं चौथं लिहिलं. त्यात एकच ओळ होती : हा वर्ग आता कायमचा बंद होतोय, गुरुवारी अकराला शेवटचा तास आहे.

गुरुवारी अकराला पाच मिनिटं असताना मंजुळा जिना चढून आली. निळी सुती साडी, खांद्याला पिशवी.

“कुठवर शिकवलंयस?” तिनं विचारलं.

द्वारकानं सांगितलं.

“तू मागं बस.”

द्वारका शेवटच्या बाकावर जाऊन बसली. तिला वाटलं होतं, मंजुळा पत्राचं सांगेल, सांडूचं सांगेल. मंजुळानं त्यातलं काहीच काढलं नाही. तिनं खडू उचलला, फळ्यावर लेण्यांकडं जाणारा रस्ता काढला आणि मुलांना विचारलं, या रस्त्यावर पोट भरणारी माणसं किती प्रकारची? मग एकेक प्रकार तिनं त्यांच्याकडूनच काढून घेतला. परवान्याचे गाईड, बिनपरवान्याचे, डोली उचलणारे, दुकानवाले, दुकानाबाहेर पोत्यावर बसणाऱ्या बाया. परवाना कुणाला मिळतो? त्याच्या परीक्षेला कोण बसतं? इंग्रजी तर पोत्यावरच्या बायांनाही येतं, मग त्यांच्या इंग्रजीला कौशल्य का म्हणत नाहीत? कौशल्य कशाला म्हणायचं ते कोण ठरवतं? अर्ध्या तासात ती तिथं येऊन पोचली, जिथं पोचायला द्वारकाला दोन महिने लागत. आणि तिथं न थांबता पुढं गेली.

मुंजाबानं मुद्दा अडवला. मंजुळानं तो उलटा करून त्याच्याच गळ्यात घातला. तो पुन्हा उठला, तिनं पुन्हा परतवला. मुलं टिपणं घ्यायची विसरली. दोघी-तिघी एकदम बोलायला लागल्या. मंजुळा प्रत्येकीचं ऐकून घेत होती, कुठं नेमकं चुकलं ते बोटावर दाखवत होती, कुठं बरोबर आहे तेही सोडत नव्हती. शिकवायचं तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिच्या अंगातच होतं.

द्वारका मागं बसून बघत होती. मनावरचं काही हलकं होईल, असं तिला वाटलं होतं. झालं उलटंच. आजवर अन्याय हा शब्द तिनं मंजुळापुरता, फार तर सांडूपुरता धरला होता. आता तिला गेल्या बारा वर्षांतली पोरं आठवायला लागली. हुशार, अडखळणारी, मधेच सोडून गेलेली, तिचे ठरीव मुद्दे निमूटपणे उतरवून घेतलेली. त्या सगळ्यांना हे मिळायला हवं होतं. मिळाली ती द्वारका. तिच्या हातातली पेन्सिल मोडली, ते तिला कळलंही नाही.

तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना. मंजुळानंच पिशवी उचलली.

“मॅडम, परत कधी येणार?” एका मुलीनं विचारलं.

“बोलावलं तर येईन. पण बोलावणं टपालानं धाडा,” मंजुळा म्हणाली. वर्ग हसला. ती हसली नाही. तिनं एकदाच मागच्या बाकाकडं बघितलं, आणि त्या नजरेत माफी नव्हती.

मग ती निघाली. मुंजाबा काहीतरी म्हणत तिच्या मागं धावला, त्याच्यामागं बाकीचे. अकराच्या अकरा जण वाद घालत, एकमेकांचं बोलणं तोडत जिना उतरून गेले. मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत ते तसेच तिच्याबरोबर गेले, असं द्वारकाला नंतर कळलं. ती मात्र रिकाम्या वर्गात दातओठ खात बराच वेळ बसून राहिली.